बाबांची स्मृतिपुस्तिका: आठवणी, कागदपत्रं, छपाई कशी जुळवावी?

उत्तर_नागपूर:
बाबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते, युनियनच्या कामातही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून निघालेल्या १९७९च्या नामांतर लाँग मार्चमध्ये चालले, नंतर वस्तीच्या मालकी पट्ट्यांसाठी नागपूर सुधार प्रन्यासाचे उंबरठे झिजवत राहिले. डिसेंबरात पहिला स्मृतिदिन आहे. साठ-सत्तर पानांची घरगुती पुस्तिका काढायची आहे. पेटीभर पत्रकं, मोर्चाचे फोटो, भाषणांच्या कॅसेटी आणि बाबांचे काही सोबती, एवढं हाताशी आहे. नुसतं ‘झुंजार, लढवय्ये’ म्हणून बाबांचं आयुष्य आटपायचं नाही. सुरुवात कुठून करू?

जुने_कागद:
आधी माणसं. कागद महिनाभर थांबतील, सोबती सत्तरी-ऐंशीत आहेत.

सन विचारू नका, हमखास चुकतो. “वस्तीत नळ आला तो लाँग मार्चच्या आधी की नंतर? १९९४च्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा पट्ट्यांचं काय सुरू होतं?” असं विचारलं की काळ आपोआप लागतो. मग कामाचं विचारा: पत्रक कोणी लिहिलं, सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून हाताने प्रती काढणं) कुठे केलं, भोंगा कोणाचा, वर्गणीची वही कोणाकडे असायची, विधिमंडळाच्या अधिवेशनावरचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवला तेव्हा निवेदन घेऊन आत कोण गेलं. बाबा कसे होते ते अशा उत्तरांतूनच दिसेल, विशेषणं लागणार नाहीत.

दोघांना एकत्र बसवू नका. ज्याचा आवाज मोठा, त्याचीच आठवण सगळ्यांची होते. एकच प्रसंग वेगवेगळा ऐका. जुळलं नाही तर दोन्ही छापा, नावासकट. त्यांची परवानगी मात्र आधी घ्या. रेकॉर्डिंग सकाळी करा: फोन फ्लाइट मोडवर, कूलर बंद. कूलरची घरघर बोलण्याखाली बसली की नंतर धड निघत नाही.

पट्ट्यांच्या जुन्या पत्रव्यवहारासाठी माहिती अधिकारात अर्ज टाका. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, म्हणून आजच टाका. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असं लिहिलंत तर अर्ज फिरत राहील. वस्तीचं नाव, खसरा क्रमांक आणि अंदाजे वर्षं द्या. बाबांनी मंडळ नोंदवलं असेल तर धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची, म्हणजे नोंदणीच्या उताऱ्याची, नक्कल काढा, विश्वस्तांची नावं तिथे मिळतात.

बर्डी_डीटीपी:
फोटो ६०० डीपीआयला, पत्रकं ३००ला स्कॅन करा, तीही रंगीत. काळं-पांढरं केलं की पिवळ्या कागदावरची फिकट सायक्लोस्टाइलची शाई उडते. लॅमिनेशन आणि सेलोटेप दोन्ही टाळा. टेपचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरं खातो. फोटोमागे पेनाने दाबून लिहू नका, पुढे उमटतं.

कॅसेट वाजवण्याआधी मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे चाप तोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, जाणकाराकडे द्या.

छपाईत पानं चारच्या पटीत धरा. ६४पर्यंत सेंटर पिन (मधोमध पिना) चालते, त्यापुढे परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद). मजकुराला ८० जीएसएम (कागदाची जाडी-वजन) मॅपलिथो, म्हणजे साधा छपाईचा कागद, फोटोंची पानं एकत्र करून १३० जीएसएम आर्ट पेपरवर. खरी गोची फॉन्टची. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून द्याल, प्रेसमध्ये ते श्रीलिपीत, म्हणजे त्यांच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, बदलतील, आणि ‘मोर्चेकऱ्यां’मधला ‘ऱ्या’ मोडेल, र्‍हस्व वेलांट्या सरकतील. शेवटचं प्रूफ पीडीएफवर नाही, कागदावर वाचा. दोघांनी वाचा आणि फक्त नावांसाठी एक फेरी वेगळी ठेवा. सोबत्याचं आडनाव चुकलं तर तो काही बोलणार नाही, पण पुस्तिका पुन्हा उघडणार नाही.

इंदोरा_वाचक:
आईचं वेगळं प्रकरण करा, ‘मोलाची साथ’ एवढ्यावर भागवू नका. संपाच्या दिवसांत घर कशावर चाललं, बैठकीच्या रात्री किती माणसांचा स्वयंपाक व्हायचा, हे त्यांच्याच तोंडून घ्या. वंशावळीत मुली-सुनांची नावंही येऊ द्या.

उत्तर_नागपूर:
मनापासून आभार. मोर्चाचा एक फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. काढू कसा?

बर्डी_डीटीपी:
काढू नका. ओल लागून फोटोचा थर काचेला धरतो, ओढलं की चेहरेच निघून येतात. चौकट काढा, काच बाहेरून कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि काचेसकट स्कॅनरवर पालथी ठेवा. धूसर आलं तर खिडकीपाशी, तिरप्या उजेडात, कॅमेरा अगदी समोर धरून फोटो घ्या. फ्लॅश बंद.