मदत हवी आहे: आधी गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) की सी-डॅकचं डॅक (सहा महिन्यांचा कॉम्प्युटिंगचा पीजी डिप्लोमा)?

यंदा बीई आयटी, सीजीपीए ७.४, बॅकलॉग नाही, कॅम्पसमधून नोकरीही नाही. करायचंय जावा बॅकएंड. दोन-तीन वर्षं नोकरी करून एमटेक.

स्प्रिंग बूटवर (जावाचं फ्रेमवर्क) ग्रंथालयाचा प्रोजेक्ट केलाय. २०० पुस्तकांची यादी मागितली की प्रत्येकाच्या प्रतींसाठी डेटाबेसला वेगळी क्वेरी जायची, एकूण २०१. जॉइन फेच (पुस्तकं आणि प्रती एकत्रच मागवणं) लावल्यावर एकच. पण हे सांगायची वेळच येत नाही, गाडी अ‍ॅप्टिट्यूड टेस्टलाच अडकते. ऑफ-कॅम्पस अर्ज साठेक झाले. (रेझ्युमे दोनदा बदललाय, तो सल्ला नको.)

गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो, म्हणून फेब्रुवारीत गेट, मग सी-कॅट (डॅकची प्रवेश परीक्षा) देऊन ऑगस्टची डॅक बॅच, असा क्रम डोक्यात आहे. अडचण अशी, की डॅक संपेपर्यंत पदवीला दीड वर्ष होईल, आणि फ्रेशर भरतीत बऱ्याच ठिकाणी पासआउट वर्षाची अट असते. उलट आत्ताच डॅक धरलं तर सहा महिने दिवसभर लेक्चर आणि लॅब; गेट सुटलंच समजा.

पुण्यात राहायची सोय आहे. फीसाठी सव्वा लाखाच्या वर जमणार नाही. बाँडवाली नोकरी नको.

डॅक केलेल्यांना विचारायचंय: तुमच्या बॅचच्या प्लेसमेंटमध्ये वर्षभराहून जास्त गॅपवाल्यांना कंपन्या बसू देत होत्या का, की अर्जातच गाळत होत्या?