ओढ्यावरच्या तलावात खळाळ बुडणार, माशांच्या जागेची भरपाई कशी करायची?

साइटवरचा_सिव्हिल
मुळशी तालुक्यात लहान साठवण तलावाचं काम आहे. ओढ्याचा ६०० मीटर भाग बुडतोय, बहुतेक सगळा दगडगोट्यांचा खळाळ, म्हणजे उथळ, वेगाने वाहणारा भाग. पात्र ८ मीटर रुंद. भरपाईच्या रकान्यात एवढंच लिहिलंय: रोहू-कटल्याचं बीज सोडणे, काठाला झाडं लावणे. पाट्या टाकणं आहे हे. बुडिताच्या वर दीड किलोमीटर ओढा सरकारी जागेत आहे, पण दगड-वाळू उपसून सपाट झालाय. तिथे काय करता येईल? आणि खडसाची (महसीर माशाची) पिल्लं सोडावीत का?

डोह_आणि_धार
बीज सोडणं ही मासेमारीची सोय झाली, भरपाई नव्हे. मळ्या हा दगडाला चिकटून शेवाळ खरवडणारा मासा, साचलेल्या पाण्यात तो कसा राहणार? शिवाय रोहू मुळात गंगेसारख्या उत्तरेकडच्या नद्यांतला.

वरचा दीड किलोमीटर सोन्यासारखा आहे, तिथेच खळाळ बांधा. आधी, एप्रिल-मेमध्ये, बुडणाऱ्या भागाची मोजणी उरका. आडवंतिडवं चालत न निवडता १०० दगड उचला, प्रत्येकाची मधली बाजू मोजा (सर्वांत लांब नाही, सर्वांत आखूड नाही) आणि मापं चढत्या क्रमाने लावून मधलं काढा. नव्या खळाळाचा वरचा थर त्याच मापाचा हवा.

दोन खळाळांत अंतर पात्राच्या रुंदीच्या ५ ते ७ पट, म्हणजे तुमच्याकडे ४० ते ५६ मीटर. माथ्याला मोठे धोंडे, तळात एक तृतीयांश गाडलेले. माथ्यापासून वरच्या अंगाला १:४ उतार, खालच्या अंगाला १:२०. खालचा उतार याहून उभा केलात तर लहान मासे चढत नाहीत. माथा मधे १५-२० सेंमी खोलगट ठेवा, म्हणजे उन्हाळ्यातली बारीक धार एकत्र राहते.

काम बिघडतं ते दोनच ठिकाणी. धोंडे काठात आत नेले नाहीत तर पहिला पूर बाजूने वाट काढतो, काठही खातो. आणि फटी बुजवल्या नाहीत तर मार्चपासून सगळं पाणी दगडांखालून जातं, वर कोरडं. बारीक खडी-वाळू टाकून पाण्याने आत धुवत राहा, पाणी वर दिसेपर्यंत. तळात तारेची जाळी नको, गोटे आपटून ती तुटते आणि टोकं वर येतात.

ढापेवाला
वाटेत कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे का ते आधी बघा. चढणीचे मासे पहिल्या पुराबरोबर निघतात. ढापे (बंधाऱ्यात पाणी अडवायच्या फळ्या) जून उजाडायच्या आत निघाले नाहीत तर वरचे खळाळ कितीही सुबक बांधा, तिथे अंडी पडणार नाहीत. तलावाची भिंत मात्र कायमच आडवी, त्यामुळे ओढ्यातले मासे भिंतीखाली अडकणार की वर राहणार, हे मोजणीतच पाहा.

खाली पाणी सोडताना व्हॉल्व्ह झटकन बंद करू नका, टप्प्याटप्प्याने फिरवा. पाणी एकदम उतरलं की पिल्लं उथळ खळग्यांत अडकून मरतात. उन्हाळ्यात तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. सोडलेल्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास आला तर वरच्या दाराने सोडा. तशी सोय आराखड्यातच हवी, नंतर बसवणं महागात जातं.

काठावरची_वाळुंज
झाडांबद्दल. पूर्ण संचय पातळीच्या (तलाव पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं तिच्या) खाली रोपं लावली की बुडून मरणार, हे दरवर्षी कुठे ना कुठे दिसतं. त्या पट्ट्यात लव्हाळा आणि गवतच. काठ १:८ इतका सौम्य ठेवलात तर पाणी ओसरताना चिखलात चालणाऱ्या पक्ष्यांना जागा मिळते. पातळीच्या वर करंज, उंबर, जांभूळ.

ओढ्याकाठी वाळुंज या झाडाच्या मीटरभर लांब काठ्या, बुंध्याकडचं टोक तिरकं छाटून खाली, दोन तृतीयांश जमिनीत. पाऊस सरल्यावर ओल असतानाच लावा, म्हणजे पुढच्या पुरापर्यंत मुळं धरतील. दगडांच्या फटीत शेरणीची झुडपं. शेरणी लवचिक असते, पुरात झोपते आणि पुन्हा उभी राहते. सुबाभूळ कोणी फुकट दिली तरी घेऊ नका.

डोह_आणि_धार
खडसाचं राहिलंच. आपल्याकडचा खडस इथलाच, ब्रिटिश अभ्यासक साईक्सने १८३९ साली त्याचं वर्णन केलं ते मुळा-मुठेच्या पाण्यातल्या माशावरून. पण हेच बीज कावेरीत सोडल्यावर तिथला नारिंगी पंखांचा खडस मागे पडला. तुमच्या ओढ्यात तो आधी नसेल तर सोडू नका. असेल तर पिल्लांवर पैसे घालवण्याआधी खळाळ आणि चढायची वाट नीट करा, बीज मागाहून बघता येईल.

साइटवरचा_सिव्हिल
खाली एक बंधारा आहे. ढापे कोणाच्या ताब्यात आहेत ते उद्याच विचारतो.