कोशातून फुलपाखराऐवजी बारीक माश्या निघाल्या. मुलांना काय सांगू?

पाटणच्या बाई
मी जिल्हा परिषद शाळेत तिसरीला शिकवते. पटावर 19 मुलं. दरवर्षी अंडी, अळी, कोश, फुलपाखरू अशी चार चित्रं फळ्यावर काढून बाण जोडायचे. यंदा ठरवलं, खरी अळीच वर्गात आणायची.

शाळेमागच्या कढीपत्त्यावर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या होत्या. लहानपणी काळ्या-पांढऱ्या, थेट पाखराच्या विष्ठेसारख्या. मुलं हात लावेनात. मग कात टाकून हिरव्यागार झाल्या. काडीने डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढायच्या आणि उग्र वास सुटायचा. मुलांना तेवढंच दिवसभर पुरायचं.

दोघींनी वर्गातल्या खोक्यात कोश केले. तिसरा कोश एका मुलाने घरच्या लिंबावरून फांदीसकट आणला. बरणीवर स्वतःच्या नावाची चिठ्ठीही लावली. मंगळवारी खोक्यातल्या एका कोशातून फुलपाखरू निघालं, प्रार्थना संपता संपता. चुरगळलेले ओले पंख हळूहळू ताणले गेले. एवढी शांत तिसरी मी कधी पाहिली नव्हती.

काल मात्र त्या मुलाच्या कोशाला बाजूला टाचणीने पाडल्यासारखं भोक, आणि बरणीत तिळाएवढ्या माश्या, उन्हात हिरवट चमकणाऱ्या. पन्नासच्या वर असतील. पोरगं रडलं नाही, पण दुपारची खिचडी तशीच ठेवली. मला हळूच म्हणाला, "बाई, माझाच सडका होता का?" मी "उद्या बघू" म्हणून वेळ मारून नेली. रात्रभर तेच डोक्यात आहे.

शिवाय खोक्यात उरलेला कोश तपकिरी आहे. पहिला हिरवा होता. हाही गेला का?

रानवाटा
बाई, सडका नव्हता. त्या परजीवी गांधीलमाश्या, अगदी चिमुकल्या जातीच्या. अळीने कोश केला की सुरुवातीचे काही तास त्याचं कवच मऊ असतं. मादी नेमकी तेव्हा येते आणि आत अंडी घालते. तिची पिल्लं आतलं सगळं खाऊन, कवचाला भोक पाडून बाहेर पडतात. फुलपाखरू निघतं तेव्हा कोश डोक्याकडून उकलतो. कोशाला बारीक गोल भोक दिसलं की समजायचं, दुसरंच कुणी निघालं. म्हणजे त्याने फांदी तोडली त्याच्या आधीच हे होऊन गेलं असणार. त्याच्या हातून काही बिघडलं नाही, हे त्याला एकट्याला नको, सगळ्या वर्गासमोर सांगा.

तपकिरी रंगाची काळजी नको. हिरव्या पानांत कोश बहुधा हिरवा होतो, वाळक्या काटकीवर किंवा पुठ्ठ्यावर तपकिरी. अलगद बोट लावल्यावर पोट हलवलं तर जिवंत आहे. पंखांची नक्षी कवचातून दिसू लागली की एखाद्या दिवसात फुलपाखरू येईल.

उसाच्या बांधावरून
आमच्या उसात खोडकिडीसाठी आम्ही ट्रायकोकार्ड लावतो. कार्डावर पतंगाची अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत याच भावकीतली माशी वाढत असते. ती बाहेर पडून किडीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. आम्ही तिला मित्रकीटक म्हणतो. तुमच्या वर्गातही कुणाच्या घरी ऊस असेलच. एखादं कार्ड मागवा आणि भिंगातून दाखवा. पोराच्या बरणीतली माशी घाबरण्यासारखी राहणार नाही.

निवृत्त गुरुजी
बाई, तुमची "वेळ मारून नेली" ही ओळ वाचून राहवलं नाही. मीही एकदा मेलेली अळी मुलं यायच्या आत फेकून दिली होती आणि तिच्या जागी दुसरी ठेवली. मुलांनी ओळखलं. पुढे महिनाभर माझ्या "बघा रे" ला कुणी जागचं हललं नाही. खरं तेच सांगा, आजच सांगा.

आणखी एक. रोज अळीशेजारी दोरा धरून तेवढा कापायचा, वहीत तारखेसमोर चिकटवायचा. आठवड्याभरात दोऱ्यांची शिडी तयार होते. मोजपट्टी न येणारं मूलही सांगतं, अळी कुठल्या दिवशी किती वाढली. कोश करण्याआधी अळी खाणं सोडते, पातळ शी करते, सैरावैरा फिरते; मुलांना ती आजारी वाटते, म्हणून आधीच सांगून ठेवा. आणि हिला सुरवंट म्हणू नका. गावात सुरवंट म्हणजे केसाळ, अंगाला खाज आणणारा. एखादं मूल उद्या त्यालाही हात लावेल.

पाटणच्या बाई
सगळ्यांचे आभार. आज सकाळी वर्गासमोर बरणी ठेवली आणि रानवाटांनी लिहिलं तसंच सांगितलं. फळ्यावर जुन्या चार चित्रांतल्या कोशापासून एक बाण बाहेर काढला, तिथे त्या मुलानेच येऊन माशी काढली. सहा पाय, चार पंख, मोजून. मग विचारलं, "हिची अळी कुठे काढू?" कोशाच्या पोटात, म्हटलं. त्याने काढली. दुपारी दोनदा खिचडी घेतली.

कार्ड पुढच्या आठवड्यात एक पालक आणून देणार आहेत. तपकिरी कोशाने बोट लावल्यावर पोट हलवलं, आणि आज शाळा सुटताना कवचातून काळे-पिवळे ठिपके दिसायला लागले. उद्या रविवार. खोकं घरी नेलं आहे. शाळेजवळ राहणाऱ्या सहा जणांना सकाळी सातला ओट्यावर बोलावलंय, बाकीच्यांसाठी मोबाईलवर चित्रीकरण करीन. अर्धवट अडकलं तरी कुणी हात लावायचा नाही, एवढं बजावून ठेवलं आहे.