नुसता माणूस बदलून भागत नाही

सत्तांतरानंतर एक खमका अर्थमंत्री नेमला की धोरणं मार्गी लागतात, हे मत मला पटत नाही. इंडोनेशियाचंच बघा. राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या काळात तिथे उत्तम अर्थतज्ज्ञ मंत्री होतेच की! अर्थसंकल्प कागदावर दरवर्षी संतुलित दिसायचा, कारण परदेशी कर्ज चक्क जमेच्या बाजूला धरलं जाई. १९९४ मध्ये तर राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने अर्थसंकल्पाबाहेरच्या वनीकरण निधीतले ४०० अब्ज रुपिया (तिथलं चलन) सरकारी विमान कारखान्याकडे वळवले गेले. झाडं लावण्यासाठीचा पैसा होता हो तो!

मे १९९८ मध्ये सुहार्तो पायउतार झाले, पण घडी बसायला पुढची पाच वर्षं गेली. १९९९ च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला स्वायत्तता मिळाली. २००३ च्या राज्य वित्त कायद्याने अर्थसंकल्पातल्या तुटीला जीडीपीच्या ३ टक्क्यांची वेसण घातली.

म्हणून नव्या सरकारकडे पहिल्याच वर्षी एक यादी मागायला हवी: अर्थसंकल्पाबाहेर कोणकोणते निधी आहेत आणि त्यातला पैसा कोणाच्या सहीने निघतो. मंत्री कोण, हे त्यानंतर बघू.