डेबियनवर उबुंटूची पॅकेजं टाकावीत का? माझं मत: नाही

खारूताई
मित्राचा लॅपटॉप हातात आला. त्यावर डेबियन 12 ही लिनक्स प्रणाली, आणि सोर्सेसच्या यादीत उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सची रेपो, म्हणजे पॅकेजांचं (तयार सॉफ्टवेअर-गठ्ठ्यांचं) भांडार, खुशाल जोडलेली. एका सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती हवी होती म्हणे. दोन्ही रेपोंचं प्राधान्य 500, त्यामुळे पुढच्या अपग्रेडला ॲप्टने, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, आवृत्तीचा मोठा आकडा दिसेल तिथून उचल केली. जवळपास सगळे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी (सामायिक कोड), ग्लिबसीसुद्धा 2.36 वरून 2.39 वर गेली. आता ना धड डेबियन, ना धड उबुंटू. डेबियनच्या विकीवर याला 'फ्रँकनडेबियन' असं नावच आहे. दोन्हीकडच्या पॅकेजची फाइल 'डेब' असते, पण म्हणून काय झालं? डबा सारखा असला तरी आतली भाजी वेगळी.

जुना_खोड
असहमत. दोष मिसळण्याचा नाही, पिनिंग (रेपोचं प्राधान्य स्वतः ठरवणं) न करण्याचा. परक्या रेपोला 100 द्या, डेबियनकडे असलेलं पॅकेज ती आपणहून बदलणार नाही. डेबियनच्या बॅकपोर्ट्सचं (आहे त्याच डेबियनसाठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांच्या रेपोचं) प्राधान्यही 100च असतं की!

खारूताई
अहो, बॅकपोर्ट्स त्याच स्टेबलच्या (डेबियनच्या स्थिर आवृत्तीच्या) लायब्रऱ्यांवर बांधलेले असतात. 24.04 मध्ये 64-बिट टाइमसाठी (वेळ मोठ्या आकड्यात साठवण्यासाठी) कितीतरी लायब्रऱ्यांची नावं बदलली. डेबियन 12 मधली 'लिबएसएसएल3' तिकडे 'लिबएसएसएल3टी64' आहे. हे नाव डेबियन 12 कडे नाहीच, मग तुमचा 100 चा पिन अडवणार कोणाला?

जुना_खोड
हा मुद्दा मान्य. पण स्टेबल आणि टेस्टिंग (पुढची, चाचणीतली आवृत्ती) मी वर्षानुवर्षं एकत्र चालवतोय. आधी सिम्युलेट (नुसती रंगीत तालीम) करून काय बदलेल ती यादी वाचतो, 'रिमूव्ह' म्हणजे काढून टाकण्याच्या पॅकेजांखाली काही दिसलं की हात मागे. लोक यादी न वाचता वाय (होय) दाबतात, त्याला ॲप्ट काय करणार?

चहा_कमी_साखर
भांडता कशाला? डिस्ट्रोबॉक्समध्ये, म्हणजे एका लिनक्सच्या आत दुसरी चालवणाऱ्या साधनात, उबुंटू चालवा. कर्नल (प्रणालीचा गाभा) एकच, ग्लिबसी ज्याची त्याची, होम फोल्डर दोघांचं.

जुना_खोड
माझी डिस्क 64 जीबीची आहे. एका प्रोग्रॅमसाठी दुसरं बिऱ्हाड थाटू?

चहा_कमी_साखर
बरं, पण मित्राला हवं तरी काय होतं?

खारूताई
लिब्रेऑफिस, ऑफिसच्या कामाचं सॉफ्टवेअर. डेबियन 12 मध्ये 7.4 आहे, त्याला 24 ची मालिका हवी होती. शेवटी होमची कॉपी काढून डेबियन नव्याने टाकलं. आणि 24 बॅकपोर्ट्समध्ये होतंच.

जुना_खोड
घ्या! म्हणजे प्राधान्य 100 ची रेपो.