रोजच्या सुरीला धार घरीच लावावी की शिकलगाराकडे द्यावी?

उद्यमनगरकर

खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडे घरोघरी विळी, सुरी, कोयता, कात्री ही सगळी हत्यारे बाहेर निघतात, घासूनपुसून पूजेला मांडली जातात आणि त्याच निमित्ताने त्यांना धारही लावून घेतली जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी दारावर येणाऱ्या चाकवाल्याची, म्हणजे शिकलगाराची, वाट पाहण्याची, किंवा हजारो रुपयांचे परदेशी दगड मागवण्याची, काहीही गरज नाही. खिडकीच्या काचेचा एक जाड, सपाट तुकडा, हार्डवेअरच्या दुकानात वीस-तीस रुपयांना मिळणारा वॉटर पेपर (पाणी लावून वापरायचा घासकागद) आणि चामड्याची एक पट्टी एवढ्या सामग्रीवर उत्तम धार लागते, आणि ती चाकावरच्या धारेपेक्षा जास्त टिकते.

टिकण्याचे कारण उष्णतेत आहे. कार्बन पोलादाच्या पात्याला पाणी दिल्यानंतर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कठीण केल्यानंतर, ते पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा काढलेला असतो. घासताना कड सुमारे 220 अंश सेल्सिअसपर्यंत तापली की तिच्यावर पिवळसर झाक येते आणि 300 अंशांच्या आसपास ती निळी पडते. त्या निळ्या पट्ट्यातले पोलाद मऊ झालेले असते आणि नंतर कितीही घासले तरी तिथे धार टिकत नाही. कड कागदासारखी पातळ असल्यामुळे कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तापते. हाताने, पाणी लावून घासताना हा धोका मुळात उद्भवतच नाही.

कृती अशी. काचेवर पाणी शिंपडून वॉटर पेपर चिकटवावा. सुरी अगदी बोथट असेल तर 320 नंबरपासून सुरुवात करावी, मग 600, 1000 आणि शेवटी 1500 (नंबर जितका मोठा तितका कागद बारीक). पाते नेहमी पाठीच्या दिशेने ओढावे, धारेच्या दिशेने ढकलू नये, नाहीतर कागद फाटतो. कोन सांभाळण्यासाठी साधारण चार सेंटीमीटर रुंद सुरीची पाठ आडव्या काडेपेटीच्या उंचीइतकी उचललेली राहिली म्हणजे 15 ते 20 अंशांचा कोन आपोआप मिळतो. कडेला काळा मार्कर फासून दोन हात मारावेत. शाई नेमकी कडेवरून निघाली तर कोन बरोबर आहे, वरच्या बाजूने निघाली तर पाठ थोडी उचलावी. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला संपूर्ण लांबीभर बारीक बर (कडेवर वळून आलेला धातूचा पातळ पापुद्रा) आल्याचे बोटाला जाणवले पाहिजे, त्याशिवाय बाजू बदलू नये. शेवटची बर चामड्यावर उतरते. आपल्या कोल्हापूरच्या चपल लाइनमध्ये किंवा सुभाषनगरच्या कारागिरांकडे कोल्हापुरी चपलेच्या तळाचे उरलेले तुकडे सहज मिळतात. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते कातडे घट्ट असते, दाबाखाली फारसे दबत नाही, म्हणून या कामाला उत्तम. त्यावर बफिंगचा साबण (धातूला चकाकी आणायची घट्ट वडी) किंचित चोळला की झाले.

पिढीजात शिकलगार

उद्यमनगरकर साहेब, आपण उष्णतेबद्दल लिहिले ते शास्त्राला धरून आहे, परंतु त्यावरून चाकाला दिलेला दोष मला मान्य नाही. लोक ठिणग्या पाहतात आणि पाते जळाले असे समजतात. ठिणगी म्हणजे पात्यापासून सुटलेला पोलादाचा कण हवेत पेट घेतो ती. त्या क्षणी पाते थंडही असू शकते. पाते तापते ते दाब दिल्याने आणि एका जागी थांबल्याने. पायाने फिरणाऱ्या चाकाचा वेग विजेच्या ग्राइंडरच्या तुलनेत फार कमी असतो, आणि ज्याला काम येते तो पाते हलके टेकवतो, सतत सरकवत ठेवतो, मधूनमधून पाण्यात बुडवतो आणि शेवटचा हात तेल घातलेल्या दगडावर मारतो. घाईत, कोरड्या चाकावर कड निळी करणारे लोक या धंद्यात आहेत हे मी नाकारत नाही, परंतु त्यांच्यामुळे चाक वाईट ठरत नाही.

आता घरगुती पद्धतीबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या बोथट सुऱ्यांपैकी कितीतरी सुऱ्या घरीच घासून घासून बिघडलेल्या असतात. नवख्या माणसाचा हात प्रत्येक ओढीला किंचित वर-खाली होतो, त्यामुळे कडेला सपाट उताराऐवजी गोलाई येते. अशी सुरी चकाकते, बोटाला तीक्ष्णही लागते, पण टोमॅटोच्या सालीवरून घसरते. टोकाकडचा वळणदार भाग तर बहुतेकांचा राहूनच जातो. शिवाय ज्या पात्याला खाच पडली आहे ते कागदावर दुरुस्त करायचे म्हटले तर अख्खी दुपार जाईल आणि कागदाचा गठ्ठा संपेल. तिथे चाकच लागते.

शाहूपुरीची गृहिणी

या चर्चेत विळी राहूनच जात आहे. काचेवरचा कागद सुरीला ठीक आहे, पण विळीचे पाते उभे आणि वळणदार असते. ते काचेवर कसे टेकवणार? आमच्या सासूबाई चिनी मातीच्या बरणीच्या बुडाने विळीला धार लावत असत आणि ती लागतही असे. शेजारच्या घरी मात्र कडप्प्याच्या ओट्याच्या कडेवर सुरी घासतात, आणि त्यांची सुरी कायम बोथटच असते. असे का होते, हे कोणी सांगेल का?

उद्यमनगरकर

ताई, उत्तर पदार्थाच्या कठीणपणात आहे. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे आणि तो पाणी दिलेल्या पोलादापेक्षा पुष्कळ मऊ असतो, म्हणून सुरी त्यावर घासली की दगडच झिजतो. बरणीच्या किंवा कपाच्या बुडाला जे खरखरीत कडे असते तिथे चकाकी चढवलेली नसते. भट्टीत भाजलेली ती माती पोलादापेक्षा कठीण असते, त्यामुळे ती खरोखर धातू काढते. ग्रॅनाइटही कठीण आहे, पण पॉलिश केलेल्या ओट्यावर पकड नसते. मात्र बुडाचे कडे अरुंद असल्याने पाते फार थोड्या जागी टेकते. लागलेली धार ताजी करण्यासाठी ते उत्तम आहे, बोथट पाते नव्याने उभे करण्यासाठी नाही. विळीसाठी लाकडाच्या सपाट फळकुटावर वॉटर पेपर चिकटवावा आणि विळी स्थिर ठेवून फळकूट फिरवावे.

पिढीजात शिकलगार

येथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. विळीवर फळकूट फिरवताना हात कायम बुडाकडून टोकाकडे आणि धारेपासून दूर जाईल असा न्यावा, आणि पाटावर पाय घट्ट रोवून बसावे. हात धारेच्या दिशेने नेऊन घसरला तर जखम खोल होते. लहान मुले घरात असतील तर हे काम त्यांच्यासमोर करू नये.

कागलचा ऊसवाला

मला दोन्ही बाजूंचे म्हणणे शेताच्या बाबतीत अपुरे वाटते. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांमधले लोक कोयत्याला धार लावतात ती कानशीने, आणि तीही फडातच बसून. कोयत्याला 1500 नंबरची गुळगुळीत कड देऊन उपयोग नाही. ती उसाच्या कांड्यावर आणि मातीवर आपटून तासाभरात मोडेल. तिथे 25 ते 30 अंशांचा जाडसर कोन आणि कानशीने आलेली किंचित खरबरीत कडच टिकते. कानस फक्त पुढे ढकलताना कापते, म्हणून परत आणताना ती उचलावी, रगडत मागे ओढू नये, नाहीतर तिचेच दात मरतात. काम संपल्यावर कोयता पुसून गोडेतेलाचा हात फिरवावा. उद्यमनगरकर दादांनी मूळ मुद्द्यात कोयता पूजेत मांडला, पण कृती सगळी सुरीचीच सांगितली.

उद्यमनगरकर

कोयत्याचा कोन वेगळा हे दादांचे म्हणणे शंभर टक्के रास्त आहे. माझ्या मुद्द्याला त्याने बळच मिळते, कारण कानस ही घरातच ठेवायची स्वस्त वस्तू आहे आणि तोडकरी कोणत्याही चाकवाल्याची वाट पाहत बसत नाही.

नवा तिरंदाज

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझा मामेभाऊ अमेरिकेत असतो आणि तिकडे धनुष्यबाणाने हरणाची शिकार परवाना घेऊन करतो. त्याच्या बाणाच्या टोकाला तीन पाती असतात आणि ती तो घरीच वॉटर पेपरवर घासतो असे म्हणतो. तीन पाती असताना कोन कसा सांभाळला जातो? आणि मी येथे तिरंदाजी शिकतो आहे, तर माझ्या बाणांनाही धार लावावी का?

उद्यमनगरकर

तुझ्या भावाचे काम उलट सोपे आहे. तीन पाती समान अंतरावर असतात, त्यामुळे टोक सपाट काचेवर आडवे ठेवले की दोन पात्यांच्या कडा एकाच वेळी टेकतात. तसेच सरळ ओढत राहायचे, मग फिरवून पुढची जोडी घ्यायची. तिन्ही जोड्या झाल्या की प्रत्येक कडेवर आपोआप 60 अंशांचा एकूण कोन येतो; हाताने कोन धरण्याचा प्रश्नच उरत नाही. दोन पात्यांच्या टोकाला मात्र सुरीसारखाच हात स्थिर लागतो. जखम स्वच्छ आणि खोल होऊन जनावराने तडफडू नये म्हणून तिकडचे शिकारी या धारेबद्दल इतके काटेकोर असतात.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. आज राधानगरी अभयारण्यात असलेले दाजीपूरचे जंगल एकेकाळी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे राखीव रान होते. तो काळ आता संपला. स्पर्धेच्या बाणाला पाते नसते, नुसते निमुळते टोक असते आणि ते धारदार करायचे नसते.

मर्दानी खेळाचा शिष्य

खंडेनवमीचा विषय निघाला आहे म्हणून कळकळीने सांगतो. ज्यांच्या घरात पूर्वजांची तलवार, कट्यार किंवा दांडपट्टा असेल त्यांनी त्यावर वॉटर पेपर मुळीच चालवू नये. जुन्या पात्यावरची काळसर झाक आणि पोलादातली नक्षी एकदा घासली गेली की परत येत नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसावे, पातळ तेलाचा हात द्यावा आणि पूजेला ठेवावे. धार लावू नये.

पिढीजात शिकलगार

याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आमच्याकडे अशी पाती आली तर आम्ही धार लावण्यास नकार देतो.

मूळ वादाबद्दल मात्र मी ठाम आहे. कात्री घरी लावू नये. वॉटर पेपर किंवा चांदीचा कागद कापला की कात्रीला धार येते असे लोक सांगतात. त्याने फक्त कडेवरची बर निघते आणि दोन दिवस बरे वाटते. कात्रीची दोन पाती एकमेकांवर ज्या पोकळीने आणि ताणाने घासतात तो मेळ खिळ्यावर अवलंबून असतो, आणि आतल्या सपाट बाजूला कागद लागला की तो मेळ कायमचा बिघडतो. शिंप्याची कात्री हे वर्षभराचे पोट असते.

शाहूपुरीची गृहिणी

म्हणजे सुरी घरी आणि कात्री तुमच्याकडे, असे धरून चालते. पण माझ्या विळीच्या मधोमध खाच आहे. ती फळकुटाने निघेल का?

उद्यमनगरकर

खाच तांदळाच्या दाण्याच्या रुंदीपेक्षा लहान असेल तर ताई, 120 नंबरच्या कागदाने प्रयत्न करून पाहावा, पण फक्त खाचेपाशी न घासता पूर्ण लांबीवर सारखे घासावे. नाहीतर तिथे खळगा पडेल आणि भाजी चिरताना देठ अडकतील.

पिढीजात शिकलगार

आणि त्याहून मोठी असेल तर दसऱ्याच्या गर्दीआधी पाते पाटावरून सोडवून माझ्याकडे आणावे. पाण्यात बुडवत, आपल्या डोळ्यांसमोर लावून देईन. कुठे निळे दिसले तर पैसे देऊ नयेत.