मदत हवी आहे: ग्वाल्हेरच्या हवेत फ्रीझिया

मंडळी, ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. गेल्या ऑक्टोबरात गच्चीवर कुंडीत फ्रीझियाचे दहा कंद लावले. मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या केप भागातलं हे झाड. तिकडे पाऊस हिवाळ्यात आणि उन्हाळा कोरडा, म्हणून कंद थंडीत वाढतो नि उन्हाळ्यात झोपतो. आपल्याकडे त्याच्या झोपेच्या वेळीच पावसाळा!

पाती छान आली. जानेवारीत पहाटे पारा चारवर उतरला, धुकं हटेना, पात्यांची टोकं कागदासारखी पांढरी झाली. फुलाचे दोनच दांडे आले, पण वास थेट जिन्यापर्यंत. त्या वासासाठीच जीव अडकलाय.

मार्चअखेर पानं पिवळी पडल्यावर पाणी तोडलं. जुलैत मात्र कुंडी पावसात राहिली, माझीच चूक. उकरलं तर सहा कंद बोटानं दाबताच पचपचीत. उरलेले चार जाळीच्या पिशवीत कोरडे ठेवलेत.

माती गरम असली तर फुलं नीट धरत नाहीत, मग आता ऑक्टोबरअखेर लावू की नोव्हेंबरात? निम्मी वाळू घातली तर चालेल? कडाक्याच्या रात्री कुंड्या आत घेता का? उत्तरेत कुणी लावले असतील तर कृपया सांगा, हे चार तरी जगवायचेत.